पाऊण आट्याचा संशय

कानसेनला जन्मात कोणी फसवलं नव्हतं, कारण त्याने कोणाला तशी संधीच दिली नव्हती. डॉक्टरने दिलेली गोळी दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय तो गिळत नसे. शेजाऱ्याने न मागता शिडी देऊ केली, तर आधी तिची मोडकी पायरी शोधायला लागे. त्याची बायको पाहुण्यांना हसत हसत सांगायची, लग्नानंतर सहा महिने हा माणूस माझ्याकडेही असाच बघत होता, हिला नक्की कोणी पाठवलं म्हणून. हसायचे फक्त पाहुणे.

कानसेन हे त्याचं धंद्यातलं नाव. मोटारसायकलचं गॅरेज थोरल्या भावाचं. भाऊ गेल्यापासून आत गाड्यांचं काम कानसेन बघायचा आणि पुढच्या काउंटरवर वहिनी बसून प्लग, केबल, ब्रेकशू विकायच्या. इंजिन ऐकायला त्याला भावानेच शिकवलं होतं. बाकीचे मेकॅनिक मीटर लावत, हा कान लावायचा. टाकीवर हात ठेवून, मान वाकडी करून तो उभा राहिला की गिऱ्हाईक श्वास रोखून बघत राही. प्लग काढून त्याचा रंग बघायचा तो ज्याला कान नाही त्याने, असं तो बिनदिक्कत म्हणायचा.

अलीकडे लोकांना मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरचं खूळ लागलं होतं. कंपनीचा काढायचा, बाजारातला बसवायचा, मग सगळ्या गल्लीला कळतं की साहेब निघाले. पण धूर मोकळा जायला लागला की इंजिन हवा जास्त ओढतं आणि पेट्रोल मात्र पहिल्याइतकंच येतं. इंजिन तापतं, मूठ सोडली की फटफट फुटतं, आणि एखाद्या दिवशी भर रस्त्यात पिस्टन जॅम होऊन चालवणारा तोंडावर पडतो. म्हणून कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट मोठा टाकायचा आणि बाजूचा मिक्स्चरचा स्क्रू आधी पूर्ण आत बसवून मग मोजून आटे, म्हणजे फेरे, बाहेर काढायचा. जितका बाहेर, तितकं पेट्रोल जास्त. किती आटे, ते कानाने ठरवायचं. या एका स्क्रूवर कानसेनचं अख्खं नाव उभं होतं.

कुरियरवाल्याची गाडी त्याने अशीच लावून दिली होती. जेट बदलला, स्क्रू बरोबर दोन आटे. आठवड्याने तो चेन आवळायला आला, तेव्हा कानसेनने सहज म्हणून स्क्रू मोजला. पावणेतीन.

स्क्रू आपणहून पाऊण आटा फिरत नाही. कोणीतरी हात घातला होता. कुरियरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, मला पेट्रोलच्या टाकीचं झाकण धड लावता येत नाही, स्क्रू कुठला फिरवतो. बोलताना त्याची नजर जमिनीवर होती, हे कानसेनने टिपून ठेवलं.

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पहिला संशय अर्थातच समोरच्या गॅरेजातल्या चश्मिष्टवर. पण तो पठ्ठ्या उंबरा ओलांडून कधी इकडे आला नव्हता. मग कानसेनने बायकोची लाल नेलपॉलिश आणली आणि प्रत्येक गाडीच्या स्क्रूवरून कार्बोरेटरपर्यंत केसाएवढी रेघ ओढली. स्क्रू हलला तर रेघ तुटणार. चार दिवसांत पाच गाड्या झाल्या आणि पाचही रेघा तुटल्या. तुटायच्या त्याही तो जेवायला घरी जायचा त्या तासाभरात. त्या वेळी दुकानात एकच माणूस असे.

वहिनी!

आता त्याला सगळं लख्ख दिसायला लागलं. दुकान अजून भावाच्या नावावर. वहिनींचा धाकटा भाऊ मेकॅनिक, सध्या कामाच्या शोधात. गेल्या महिन्यात तो दोनदा येऊन गेला होता आणि काउंटरशी काहीतरी कुजबुज चालली होती. कानसेनने लावलेल्या गाड्या बिघडवायच्या, गिऱ्हाइकांनी बोंब मारायची, मग म्हणायचं, भाऊजी थकले, आता माझ्या भावाला बसवते. बत्तीस वर्षं ज्या जमिनीवर गुडघे घासले, तिथून त्याला असं पद्धतशीर उठवायचं. एकाही गिऱ्हाइकाने अजून बोंब मारली नव्हती, हे त्याच्या लक्षात आलं होतं, पण त्याचाही त्याने अर्थ लावला: सगळे सामील आहेत.

त्याला राग आलाच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. भाऊ गेल्यावर दुकान विका म्हणणारे खूप होते. त्या सगळ्यांना तो वहिनींसाठी आडवा गेला होता.

कानसेनच्या सांगण्यावरून कुरियरवाल्याने स्क्रू परत लावायला म्हणून गाडी पुन्हा ठेवली. कानसेनने ती दोन आट्यांवर आणली, रेघ ओढली, जेवायला निघाला आणि कोपऱ्यावरून वळून मागच्या दाराने आत येऊन टायरच्या ढिगामागे बसला. वहिनींनी काउंटर पुसला, बाहेर डोकावल्या आणि थेट गाडीपाशी आल्या. इंजिन चालू करून त्यांनी टाकीवर हात ठेवला, मान वाकडी केली. अगदी थोरला भाऊ करायचा तशी. मग छोटा स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्क्रू पाव आटा बाहेर, थांबून आणखी पाव.

"कोणासाठी चाललंय हे?" कानसेन ढिगामागून उठला. "तुमच्या भावासाठी?"

वहिनींच्या हातून स्क्रू ड्रायव्हर पडला. पण त्या पळाल्या नाहीत, रडल्याही नाहीत. त्यांनी तो उचलून स्क्रू होता तसा दोन आट्यांवर नेला, ड्रायव्हर सीटवर ठेवला आणि मूठ पिळली.

"काय ऐकू येतंय, भाऊजी?"

"छान चाललीय."

"बारीक खडखड येतेय. डब्यात खडे हलवल्यासारखी."

त्याने कान आणखी जवळ नेला. सायलेन्सरचा गडगडाट होता, बाकी काही नव्हतं. ही खोटं बोलतेय, हा त्याच्या मनात आलेला पहिला विचार. तो त्याच्या चेहऱ्यावर उमटला असणार, कारण वहिनींनी काउंटरच्या तळातून एक फडकं काढून त्याच्यापुढे सोडलं. आत सात प्लग होते आणि प्रत्येकाला दोऱ्याने गाडीचा नंबर बांधलेला. सगळे पांढरेफटक, पेट्रोल कमी पडून भाजून निघालेले. बरोबर लावलेल्या गाडीचा प्लग बिस्किटाच्या रंगाचा निघतो, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. नंबर सगळे त्यानेच लावलेल्या गाड्यांचे होते.

"हे मी स्क्रूला हात लावायच्या आधीचे," वहिनी म्हणाल्या. "दीड वर्ष झालं. तुम्हाला बारीक आवाज येत नाहीत. कोणी पडलं असतं, भाऊजी. आणि सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का?"

तुमच्या भावाचं काय, असं त्याने तरीही विचारलं. त्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली, निरोप घ्यायला आला होता, असं त्या म्हणाल्या. कानसेन स्टुलावर बसला. सात प्लग त्याने एकेक करून पाहिले, उजेडात नेऊन पुन्हा पाहिले. ते खरे होते. त्याला लाज वाटली, आणि लाजेखाली भीती. कानाशिवाय आपण कोण, हे त्याला आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात कुरियरवाला गाडी न्यायला आला. "झाली का? एकदा तुमच्या कानाने ऐकून सांगा, म्हणजे मी सुटलो."

वहिनी काउंटरकडे वळल्या. मान वाकडी करून हो म्हटलं असतं तर सगळं होतं तसं चाललं असतं. कानसेनने सीटवरचा स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि त्यांच्यापुढे धरला.

"मला ऐकू येत नाही," तो कुरियरवाल्याला म्हणाला. "गाडी वहिनी लावतात."

कुरियरवाल्याने आधी वहिनींकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि सुटकेचा श्वास सोडला.

"बोललात एकदाचे. आम्ही सगळे गाडी न्यायला तुमच्या जेवणानंतरच येतो, ते काय उगीच?"

सगळे सामील आहेत, हा कानसेनचा संशय शब्दशः खरा निघाला होता. वहिनी गाडीपाशी बसल्या आणि तो आयुष्यात पहिल्यांदा काउंटरच्या मागे गेला. एक बाई ब्रेकशू मागत होती. त्याने चार खण उघडून पाहिले आणि मग वहिनींनाच हाक मारून विचारलं.