भीमसिंगच्या हद्दीत मांगूर

फुलसावंगीपासून समुद्र किती लांब आहे, हे भीमसिंगला कुणी विचारू नये. तो सांगतो, आणि मग तासभर उठू देत नाही. मी धम्मरत्न, गावात मोटारपंप दुरुस्त करतो. तो बावीस वर्षं मालवाहू जहाजावर पंपमन होता. पंपापायी आमची दोस्ती झाली आणि पंपापायीच माझं डोकं फिरायची वेळ आली.

त्याचं म्हणणं असं. रिकामं जहाज कलंडू नये म्हणून बंदरातलं पाणी पोटात भरून घेतं आणि पुढल्या बंदरात ओतून देतं. त्या पाण्यातून शिंपले, खेकडे, कसले कसले किडे परमुलखात जातात. तिथं त्यांना खाणारं कुणी नसतं, मग तिथली मासळी साफ होते. म्हणून ते पाणी किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैल दूर, भर समुद्रात पंपाने बदलायचं, आणि ते काम याचं. हे सगळं ठीक. पण निवृत्त होऊन तांड्यात आल्यावर या गृहस्थाने पाण्याच्या टँकरलाही तोच नियम लावला. नकाशावर तांड्यापासून मोजलं तर पाणी बदलायची जागा हैदराबादच्याही पुढे निघाली. टँकरवाला पुन्हा फिरकला नाही. तांड्यातल्या बायकांनी तेव्हा दिलेल्या शिव्या मी इथे लिहीत नाही.

मग भीमसिंगच्या मुलीची, पुष्पाची सोयरीक ठरली. मारेगावकडचा राजकुमार नावाचा मुलगा, पोरीने स्वतः पसंत केलेला. सगळ्यांनी मिळून गूळ खाल्ला की बोलणं पक्कं, एवढंच उरलं होतं. त्या दिवशी मुलाचे वडील शंकरसिंग पिकअपमध्ये निळा ड्रम घेऊन आले. त्यांचं मत्स्यतळं आहे.

"सुनेच्या नावानं तुमच्या तळ्यात सोडू," ते कौतुकाने म्हणाले.

भीमसिंगने ड्रममध्ये डोकं घातलं. आत बेचाळीस मांगूर वळवळत होते, परदेशी जातीचे, मिशाळ. चिखलातही जगणारे आणि समोर येईल ते गिळणारे. तांड्याच्या तळ्यातली मरळ आणि झिंगे त्यांना वर्षभरही पुरले नसते.

"हे पाणी माह्या हद्दीत उतरणार नाई."

शंकरसिंगांचा चेहरा उतरला. "ड्रम वापस गेला त सोयरीकबी वापस जाईन, इवाई."

पुष्पा दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला भीमसिंगचा खरोखर संताप आला. त्याची बायको जमनी दात खाऊन म्हणाली, "पोरीपेक्षा मासोळी मोठी झाली काय तुले?"

भीमसिंगने पोरीकडे बघितलं. मग म्हणाला, "ड्रम वापस नाई जात. पण जिता एकबी उतरणार नाई. चूल पेटवा. सगळे संपल्याबिगर गूळ फुटणार नाई."

चार मोठी पातेली चढली. पाहुणे जेवले, तांडा जेवला, मी दोनदा जेवलो. शंकरसिंगांनी आपला माल चांगला आहे हे दाखवायला रागारागात अकरा तुकडे खाल्ले. भीमसिंग काटे मोजत फिरत होता. बेचाळिसावा मांगूर मात्र कापणाऱ्याच्या हातून निसटला आणि जमिनीवरून सरपटत थेट तळ्याकडे निघाला. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टासकट भीमसिंगने त्याच्यावर उडी टाकली. मासा सुळकन पुढे गेला. तेव्हा शंकरसिंग उठले, धावले आणि काठावरच्या चिखलात माशावर सपशेल पालथे पडले. बेचाळिसावाही तिथेच संपला. दोघे व्याही तसेच लोळत हसत राहिले. चिखलाच्या हातांनीच त्यांनी एकमेकांना गूळ भरवला.

लग्न थाटात झालं. पाठवणीला जमनी पोरीच्या गळ्यात पडून ढावलो गात रडू लागली. त्या रडगाण्यात सासरी नमतं घे, जुळवून घे असंच सगळं येतं. भीमसिंग गाडीच्या खिडकीशी गेला. मला वाटलं, आता हाही तेच सांगणार.

"पुष्पे," तो म्हणाला, "बावीस साल म्या जहाजाच्या पाण्यातल्या त्या जिवायले रोखत आलो. नव्या पाण्यात पडले तरी ते कोनाले भीत नाईत. तूबी भेऊ नको. ज्यागा धर. चांगली हातपाय पसरून राह्य."

पुढच्या सीटवर बसलेल्या शंकरसिंगांनी दचकून मागे पाहिलं. पुष्पा मात्र डोळे पुसून बापाकडे बघत हसली, आणि भीमसिंग सगळ्यांदेखत ओक्साबोक्शी रडू लागला.