छुनथावची एकच खरी काळजी

लुंग छुनथाव माझ्या समोरच्या दारात राहते. चांगशा शहरातली जुनी कापडगिरणीची वसाहत, पाचवा मजला, लिफ्ट नाही. ती गिरणीत तुटलेले धागे जोडायची, मी गिरणीच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. गिरणी गेली, शाळा गेली, आम्ही दोघी उरलो. खाली अंगणात बायका अजून बोलतात, "नवरा मरत होता आणि ही माजोंग खेळत होती." सोंगट्यांचा तो चौघांचा डाव ती खेळत होती, खरं आहे. का खेळत होती ते मला माहीत आहे आणि त्या बायकांना माहीत नाही, म्हणून लिहिते आहे.

छुनथावला काळजी करायला कारण लागत नसे. मुलगी मिन शेनझेनला नोकरीला. मिनने फोन उचलला नाही की ती गाडीखाली गेली; उचलला की एवढ्या लगेच कसा उचलला, नोकरी गेली वाटतं. नवरा, म्हातारा लियाव, शहराच्या बसवर ड्रायव्हर होता. तो येईपर्यंत ही खिडकीत उभी. तो निवृत्त झाला तरी संध्याकाळ झाली की ही खिडकीतच.

"अगं, कोणाची वाट बघतेस? मी इथे खुर्चीत बसलोय."

"बसला आहेस, पण नीट बस. तुझा काही नेम नाही, खुर्चीवरूनही पडशील."

आम्ही हसायचो. तिला मात्र खरोखर त्रास व्हायचा. छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे, रात्र रात्र डोळा लागायचा नाही. वैद्याचे कडू काढे झाले. हृदयाच्या डॉक्टरने ठोक्यांचा आलेख काढून सांगितलं, "आजी, तुमचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे." ती घरी येऊन म्हणाली, "म्हणजे त्या बिचाऱ्याच्या हृदयाचं काहीतरी बिघडलंय!"

मनाच्या डॉक्टरचं नाव काढायची सोय नव्हती. आमच्याकडे त्या दारात शिरलं की लोक आधी तुमच्या नातवंडांची लग्नं मोडतात. पण एका इस्पितळात कोणा शहाण्याने त्या खात्यावर 'झोपेचा दवाखाना' अशी पाटी लावली होती. झोप न येण्यात कुणालाच लाज नसते. मी तिला हाताला धरून घेऊन गेले.

डॉक्टर वेन पस्तिशीचा, बारीक मानेचा, पुस्तकं पाठ केलेला. म्हणाला, "वाईट विचार आला की त्याच्याशी वाद घाला."

"मी कधी कुणाशी वाद घातला नाही हो," छुनथाव म्हणाली.

"बरं. तुम्हाला स्वतःसाठी काय हवं आहे?"

"मिनला मूल व्हावं."

"तसं नाही, स्वतःसाठी."

"मग मुलगा व्हावा."

मी मोठ्याने हसले. त्याने पेन खाली ठेवलं आणि तोही हसला. त्याच्याबद्दल बरं मत झालं माझं, कारण पुढच्या खेपेला त्याने पुस्तक बाजूला सारलं होतं. मन हा शब्दच काढला नाही. छातीचं विचारलं, भुकेचं विचारलं. मग म्हणाला, पाणी दगडाशी भांडत बसत नाही, वळसा घालून जातं. आपणही वळसा घालू. असलं बोलणं तिने जन्मभर म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं होतं, तिला ते आपलं वाटलं. रोज सकाळी भाजी निवडताना काळजीही निवडायची असं ठरलं. हातातली आणि पाण्यातली. गॅस चालू राहिला की काय? ती हातातली, उठून बघायचं. मिनचा साहेब रागावला असेल? ती पाण्यातली, सोडून द्यायची. आणि कुठली आहे तेच कळत नसेल तर घरच्यांना एकदा विचारायचं. घरचे म्हणाले काही नाही, की विश्वास ठेवायचा.

त्यासाठी त्याने घरच्यांनाही बोलावून घेतलं. ते बरोबरच होतं. आमच्याकडे आजारी माणूस एकटा कधी नसतो, त्याच्या मागे अख्खं घर जागं असतं. मिन महिन्यातून एकदा आगगाडीने यायची, लियाव टोपी मांडीवर ठेवून बसायचा. डॉक्टर त्यांना म्हणाला, "त्यांच्या काळजीला खतपाणी घालू नका. विचारलं की एकदा उत्तर द्या आणि विषय बंद करा."

छुनथाव बरी झाली. हे मी जोर देऊन सांगते, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात असले उपचार सगळे थोतांड. थोतांड नव्हते. वसंतात ती झोपायला लागली, गाल भरले, खालच्या माजोंगच्या टेबलावर तिची चौथी जागा पक्की झाली. म्हाताऱ्या माणसांना डाव चुकला की शिव्या द्यायला शिकली. एकदा शेवयांच्या दुकानात ती मला म्हणाली, "फंगबाई, काल खिडकीत उभं राहायला विसरलेच मी." तो चेहरा मला आठवतो.

मग शरद ऋतूत लियाव डुकराच्या मांसाची चरबी ताटाच्या कडेला सारायला लागला. हा माणूस चरबीसाठी भांडणारा. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल झाली. पाच जिने चढताना तो तिसऱ्या मजल्यावर पायरीवर टेकायचा आणि बुटाची नाडी बांधतोय असं दाखवायचा. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या. छुनथावने हे सगळं पाहिलं. भाजी निवडताना तिला ही काळजी कुठल्या ढिगात टाकावी ते कळेना, म्हणून शिकवल्याप्रमाणे ती काळजी दवाखान्यात घेऊन गेली. मी त्या दिवशी बरोबर होते, मिनही आली होती, लियाव घरी होता.

डॉक्टर वेनने मिनकडे पाहिलं. "वडिलांची तपासणी झाली आहे का?"

"सगळी झाली," मिन म्हणाली. "पोटाला जरा सूज आहे. गोळ्या चालू आहेत."

"म्हणजे काळजीचं काही नाही?"

"काही नाही."

"ऐकलंत ना?" डॉक्टर छुनथावला म्हणाला. "ही पाण्यातली."

छुनथावने मान हलवली. घरी येताना ती मला म्हणाली, "बघा, पूर्वीची मी असते तर रडून दवाखाना डोक्यावर घेतला असता." तिला स्वतःचं कौतुक वाटत होतं. मलाही वाटलं. त्या रात्री ती झोपली, आणि पुढचे सगळे महिने झोपली. लियावच्या मागे मागे फिरायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून दुपारी त्याला खुर्चीत बसवून ती खाली माजोंगला जायची.

मिनला तेव्हा सगळं ठाऊक होतं. स्वादुपिंडाचा कर्करोग, पसरलेला. कागद तिच्या हाती आले, रोग्याच्या हाती नाही. आमच्याकडे असंच चालतं, आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. लियावचे थोरले भाऊ म्हणाले, त्याला सांगायचं नाही, हाय खाऊन मरेल. मग छुनथावला तर नाहीच नाही. लांबच्या माणसाला चांगलं तेवढंच कळवायचं, वाईट गिळून टाकायचं, हे मिन दुधाबरोबर शिकली होती. आणि अशा घराला डॉक्टरने खऱ्याखोट्याचा पंच नेमलं होतं.

मला कळलं ते थंडी सुरू झाल्यावर. मिन माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली, डोळे सुजलेले. "फंगबाई, बाबांना उद्या इस्पितळात ठेवतोय. आईला म्हटलंय पोटाच्या सुजेसाठी. तुम्ही काही बोलू नका."

"का बोलू नको?"

तिने सांगितलं.

"गाढव आहेस," मी म्हणाले. "तिने तुला विचारलं होतं. डॉक्टरसमोर विचारलं होतं!"

"तुम्हीच बघितलंय ना, आई कशी होती! तीन-तीन दिवस जेवत नव्हती. तिला सांगितलं तर एकाच्या जागी मी दोघांना खांदा देईन. आणि डॉक्टरच म्हणाले, खतपाणी घालू नका."

"खोट्या काळजीला, मिन."

"खरी असो नाहीतर खोटी, आईच्या छातीला काय फरक पडतो?"

मी दुसऱ्या दिवशी झोपेच्या दवाखान्यात नंबर लावला. डॉक्टर वेनने विचारलं, "आजी, झोप येत नाही का?"

"उत्तम येते. तुम्हाला येणार नाही असं सांगायला आले आहे."

ऐकता ऐकता तो कागदासारखा पांढरा पडला. मग म्हणाला, "त्यांनी बरोबर पाहिलं होतं. ते सोडून द्यायला मी शिकवलं." त्याने लगेच मिनला फोन लावला आणि मायलेकी दोघींना बोलावलं. मिनने आधी नकार दिला, मग रडली, मग आली. त्याने तिला एवढंच म्हटलं, "तुम्ही सांगा. मी इथे बसतो."

मिनने सांगितलं. छुनथाव ओरडली नाही, पडली नाही. हात मांडीवर होते तसे राहिले. पहिला प्रश्न तिने विचारला तो हा, "त्याला माहीत आहे?"

"नाही, आई."

"म्हणजे तोही एकटाच आहे." मग डॉक्टरकडे वळून, "माझी ती काळजी आजार नव्हती तर?"

"नव्हती. माझी चूक झाली. मी तुमच्यासमोर मुलीला विचारलं, कागद मागितले नाहीत."

"तुम्ही विचारलंत तरी," ती म्हणाली. "मी नुसता विश्वास ठेवला."

इस्पितळाच्या व्हरांड्यात लियावचे थोरले भाऊ त्याच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभे होते. सत्तर ओलांडलेला, घरातला शेवटचा शब्द असलेला माणूस. म्हणाले, "छुनथाव, आत जाऊन रडारड करायची नाही. त्याला आशा आहे अजून."

ज्या छुनथावने उभ्या जन्मात मोठ्यांशी वाद घातला नव्हता, ती म्हणाली, "भाऊजी, बाजूला व्हा. सगळ्यांनी मिळून मला तीन महिने मूर्ख बनवलंत. त्याच्याबरोबर तेच करायला मी मदत करणार नाही."

"तो खचेल!"

"खचू दे. मी धरीन."

ते बाजूला झाले. तिने आत जाऊन दार लावून घेतलं. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. बाहेर मिन भिंतीला टेकून बसली होती. बऱ्याच वेळाने दार उघडलं तेव्हा लियावचे डोळे लाल होते आणि तो म्हणत होता, "मला घरी न्या. इथला भात गिळवत नाही."

खालच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांनी त्याला खुर्चीसकट पाच मजले वर चढवला. तिसऱ्या मजल्यावर तो म्हणाला, "थांबा रे, नाडी बांधतो," आणि सगळे हसले आणि कुणालाच पुढे चढवेना. घरी तो थोडे दिवस जगला. त्यातले निम्मे औषधाच्या गुंगीत गेले. उरलेल्यात त्याने आपला कोट कोणाला द्यायचा ते सांगितलं, भावाशी एक जुनं भांडण केलं आणि मिटवलं, आणि मिनला पोटभर रागावला. छुनथाव त्याच्या पलंगाशी बसून होती. एकदा मी सूप घेऊन गेले तर तो झोपलेला होता आणि ती त्याला हळूच सांगत होती, पहिल्यांदा भेटलो तेव्हा तुझ्या बसचं तिकीट मी काढलंच नव्हतं. एवढ्या वर्षांत सांगायचं राहिलं होतं. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे.

तो गेल्यावर तिची छाती पुन्हा धडधडू लागली, झोप गेली. मिन शेनझेनहून फोन करून म्हणते, मी छान आहे. ही फोन ठेवते आणि आगगाडीचं तिकीट काढते. जाते, मुलीला डोळ्यांनी बघते, परत येते. मायलेकींत त्यावरून भांडणं होतात. मिनला वाटतं आई शिक्षा करते आहे. असेलही.

नववर्षाच्या आधी डॉक्टर वेन स्वतः आला, पाच मजले चढून, हातात संत्री. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. म्हणाला, "आपण पुन्हा सुरू करू. या खेपेला वेगळ्या रीतीने करू. झोप परत येईल."

"येईल, माहीत आहे," छुनथाव म्हणाली. "तुमचं औषध चांगलं होतं, डॉक्टर. तो सगळा शरद मी छान झोपले. तो शेजारी जागा असायचा, कूस बदलायचा, आणि मी झोपलेली. ती झोप मला परत नको."

मी तिथेच होते, त्याची संत्री उचलून ताटलीत ठेवली. छुनथावला त्याची दया आली असावी. उठून तिने त्याला धुरावर सुकवलेल्या मांसाचा तुकडा वर्तमानपत्रात बांधून दिला.

"तुमचे आईवडील कुठे असतात?"

"गावी. शाओयांगकडे."

"बरे आहेत?"

"हो, बरे आहेत. परवाच फोन झाला."

"फोन नको," ती म्हणाली. "जाऊन बघा. कॉलर बघा, ताटाची कड बघा."