इन्शाल्लाचं गवत

आमचा शेजारी कौंटीवाला गाडी चालवताना समोरून येणाऱ्या प्रत्येकाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलून दाखवायचा. हात नाही, पंजा नाही. नुसती तर्जनी, तीही जेमतेम वर. कतारमधल्या मेसईदला कंपनीच्या घरांत आम्ही नवे राहायला गेलो, तेव्हा माझी बायको फिलोमिना म्हणाली, "हा माणूस तुला बजावतोय. तू त्याच्या जागेत गाडी लावतोस." मी आठवडाभर गाडी लांब, उन्हात लावली. मग कळलं, की तो नमस्कार होता. "आमच्या कौंटीत असाच करतात," तो म्हणाला. "अख्खा हात हलवला तर लोक समजतात, परका आहे."

त्याच्या दर दुसऱ्या वाक्यात कौंटी यायची, म्हणून कौंटीवाला. कौंटी म्हणजे आपला तालुका समजा. अमेरिकेच्या पार मधोमध, मक्याच्या शेतांनी वेढलेला, जिथे सिग्नल एकच आणि तोही लोकांच्या मते उगाच. तिथे प्रेतयात्रा निघाली की रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या कडेला थांबतात, मेलेला माणूस ओळखीचा असो नसो. हे तो खत कारखान्याच्या कँटीनमध्ये आम्हाला अशा सुरात सांगायचा, की जणू आमच्या वसईत माणसं प्रेतावर गाड्या घालतात.

कौंटीचा इतिहास मात्र तो खाली बघत सांगायचा, कारण तो चोरीपासून सुरू होत होता. कौंटीत दोन गावं. कचेरी कोणत्या गावात असावी यावरून भांडण लागलं, तेव्हा एका गावचे लोक घोडागाडी घेऊन गेले आणि दुसऱ्या गावातून सगळं सरकारी दप्तर उचलून घेऊन आले. ज्याच्याकडे दप्तर, त्याच्याकडे कचेरी. घोडागाडी कौंटीवाल्याच्या पणजोबांची होती. ज्यांचं दप्तर गेलं, त्या गावातून पुढे रेल्वेही हलली, दुकानं गेली, उरलं ते चर्च आणि दफनभूमी. "पणजोबांना मात्र पुरलं त्याच गावात," तो म्हणायचा. "पणजी तिथली होती. तिने ऐकलं नाही."

त्या दफनभूमीतलं गवत कापायला माणूस ठेवलेला नव्हता. प्रत्येक घराण्याची पाळी असे. कौंटीवाल्याच्या घराण्याची पाळी मे महिन्याच्या शेवटी, सगळी कौंटी आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवायला येते त्याच्या आधी. घराण्यात उरला होता हा एकटा, आणि हा मेसईदला अमोनियाच्या पाइपांखाली. त्याची पाळी एडना नावाची म्हातारी करायची. ती लुटल्या गेलेल्या गावची. "माझ्या पणजोबाने त्यांचं गाव बुडवलं, आणि ही बाई त्याच्या डोक्यावरचं गवत कापते," असं म्हणून तो पुढचा घास तसाच ताटात ठेवायचा.

दर वर्षी तो या मे महिन्यात जाणार असायचा. दर वर्षी शटडाउन निघायचं, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद आणि रजाही बंद, आणि तो एडनाला फोन करून सांगायचा, पुढच्या वर्षी नक्की, इन्शाल्ला. ऐकून ऐकून तो एक शब्द त्या म्हातारीलाही येऊ लागला होता. फोनवर ती विचारायची, "तुझ्या इन्शाल्लाचं गवत गुडघ्याएवढं झालंय. यंदा कोण कापणार?" हे तो हसत सांगायचा.

मला ते हसणं ओळखीचं होतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमच्या वसईत मृतांचा दिवस. लोक आपापल्या कबरी घासूनपुसून धुतात, फुलं लावतात, मेणबत्त्या पेटवतात. माझ्या बाबांची कबर माझा चुलतभाऊ पास्कू धुतो, त्याच्या बाबांची आटोपल्यावर, त्याच बादलीतल्या उरलेल्या पाण्याने. तो तसं बोललेला नाही. मीच ताडलंय. कौंटीवाल्याला हे सांगितल्यावर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. एकाच वर्गात नापास झालेली दोन पोरं ठेवतील तसा.

एका एप्रिलमध्ये मी दोह्याहून परतत होतो. सूर्य बुडायला आला होता. पुढे त्याची पिकअप कडेला उभी दिसली, आणि टोपी काढून तो शेजारी उभा. मला वाटलं पंक्चर. मी जॅक घेऊन उतरलो. तो म्हणाला, "आत्ता एडनाला नेतायत. तिथे सकाळ आहे. मला तिकीट मिळालं नाही." मग थोडं थांबून, "मिळालं असतं. मी उशिरा विचारलं."

मी जॅक हातात धरून उभा राहिलो. ठेवावा कुठे ते सुचेना. मागून आमच्या कंपनीची बस आली आणि थांबली. साताऱ्याचा ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "काय झालं, साहेब?" मी म्हटलं, एक बाई गेली, तिला नेतायत. त्याने एकदा रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. पुढे काही न विचारता बसचं इंजिन बंद केलं, आणि डोक्यावरची टोपी काढून तोही आमच्या रांगेत उभा राहिला.

त्याच मे महिन्यात शटडाउन अर्धं टाकून कौंटीवाला गेला, तो कायमचाच. घर रिकामं करताना त्याने फिलोमिनाचे डबे धुऊन परत दिले, प्रत्येकात थोडी थोडी खारीक घालून. निघताना मला हात हलवला नाही. एक बोट उचललं.

नाताळात त्याचा फोन आला. आता दफनभूमीतल्या सगळ्याच पाळ्या तोच करत होता. तक्रारीचा सूर नव्हता. मग त्याने विचारलं, "आणि नोव्हेंबरची तुझी पाळी?" मी म्हटलं, यंदाही पास्कूनेच केली. पुढच्या वर्षी नक्की, इन्शाल्ला.



"नेबर," तो म्हणाला, "तुझ्या इन्शाल्लाचं गवत किती वाढलंय?"

आमच्याकडे कबरींवर गवत नसतं, फरशी असते, हे मी त्याला सांगणार होतो. पण माझ्या सगळ्या सबबी पाठ असलेली फिलोमिना समोर उभी होती, म्हणून नाही सांगितलं.