कांबेपुढचा अबोला

११ मार्च २००४. टोळी सात जणांची. मृत दोन, उरलेले पाच.

उरलेल्या पाचांत टोळीचे मिस्त्री धर्मपाल होते. वडील भंडाऱ्याहून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला आले. धर्मपाल स्वतः बीरगावजवळच्या लोखंडाच्या मिलमध्ये लागले आणि एकोणीस वर्षे तिथेच राहिले. भट्टीतून निघालेली लाल कांब सांडशीने पकडून यंत्राच्या फिरत्या रुळांत घालायची, पलीकडच्यांनी ती ओढून घ्यायची. पलीकडच्यांना भट्टी दिसत नसे. म्हणून धर्मपाल ओरडत, "आली!" तिकडून होकाराचा "हव!" आल्याशिवाय कांब सुटत नसे. त्या एका शब्दावरून कोणाचे मन कामात नाही हे त्यांना कळे, आणि ते त्याला अर्धा तास बाजूला बसवत.

"काहून रे नत्थू, आवाज घरीच ठेवून आला का?"

"कमलानं ठेवून घेतला, मिस्त्री. बदल्यात डबा देल्ला."

टोळी हसे, आणि हसलेली टोळी कांब वाया घालवत नसे.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झाल्यापासून शहरात इमारती उठू लागल्या, सळ्यांची मागणी वाढली आणि कामाचा वेग वाढवण्यासाठी नवा सुपरवायझर आला. दहा मार्चला एक कांब वाकडी गेली, तेव्हा त्याने चाळीस वर्षांच्या नत्थूला सर्वांदेखत स्वतःचे कान धरायला लावून फाटकापाशी उभे केले.

दुसऱ्या दिवशी पाळीआधी चहाच्या टपरीवर टोळीतला लहानू म्हणाला, "आज कोनी तोंड नाही उघडाचं. समजू दे त्या साहेबाले."

सर्वांनी मिस्त्रींकडे पाहिले. तेही रागात होते. म्हणाले, "नाही उघडाचं."

अबोला सुपरवायझरशी होता. पण सात माणसांचा राग एक झाला की तो कोणापुरता धरायचा, हे ठरवणारे कोणी उरत नाही. पहिल्याच तासाला "आली" बंद झाले, "हव"ही बंद झाले. हात मात्र कधी नव्हे इतके जुळून चालले. दोन तासांत एकही कांब वाया गेली नाही. काय झाले म्हणून सुपरवायझर दोनदा विचारून गेला. कोणी उत्तर दिले नाही. धर्मपाल यांना अभिमान वाटला. टोळीची एकजूट हा सद्गुणच असतो, असे आपणही मानतो. त्या दिवशी तिच्यात धोक्याची हाक द्यायलाही जागा नव्हती.

तिसऱ्या तासाला कांब रुळांतून निसटली. धर्मपाल यांनी ती पाहिली. तोंड उघडायला त्यांना क्षणभर उशीर झाला. पलीकडे नत्थू आणि लहानू होते.

चौकशीत यंत्रातला दोष लिहिला गेला. अबोल्याबद्दल पाचांपैकी कोणीही बोलले नाही. सुपरवायझरची बदली झाली.

तेराव्या दिवशी नत्थूच्या घरी त्याच्या बायकोने, कमलाने, धर्मपाल यांच्यापुढे चहा ठेवला आणि विचारले, "भाऊजी, हे सांगत, मिस्त्री आवाज देल्ल्याबिगर कांब सोडत नाहीत म्हणून. मंग त्या दिवशी देल्ला होता का नाही?"

"मशीनचा आवाज लय होता, वहिनी."

"तो तं रोजच राह्यते."

खरे सांगावे, तर नवऱ्याच्या अपमानासाठी धरलेल्या अबोल्यानेच तो गेला, हे तिला आयुष्यभर बाळगावे लागणार. न सांगावे, तर नत्थूचेच लक्ष नव्हते असे ती समजणार. धर्मपाल चहा न घेता उठले.

चार वर्षांनी कमलाला कायद्याने ठरलेली भरपाई पूर्ण मिळाली. धर्मपाल आता निवृत्त आहेत, कमलाच्याच पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, राहतात. तिला द्यायचे उत्तर त्यांनी अजून दिलेले नाही.