दुर्बिणीची वही

"निघूनच राह्यलो आजी," असे त्याने समोरच्या घरातून ओरडून सांगितले की समजावे, याची अजून आंघोळही झालेली नाही. दर रविवारी पहाटे साडेपाचला तो, नातवंडांनो, तुमच्या आजोबांची दुर्बीण न्यायला येणार असे, आणि दर रविवारी सहा वाजत.

समोरच्या घरात भाड्याने राहणारा हा पंचवीसेक वर्षांचा मुलगा. दिवसभर मोबाइलच्या दुकानात काम, संध्याकाळी चौकात चहा, आणि खिशातल्या फोनमध्ये सतत कोणीतरी हसत असायचे. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या इतर मुलांसारखाच तो मित्रांशी हिंदीत भांडायचा आणि माझ्याशी मराठीत बोलायचा. वेगळे एवढेच की त्याला सारस पक्ष्यांचे वेड होते.

दुर्बीण देताना मी अट घातली: वहीत नेल्याची वेळ, आणल्याची वेळ आणि शेरा लिहायचा.

"काहून आजी? मी काय चोर आहो?"

चोर वही लिहीत नाहीत, मी म्हटले, म्हणून तर तुला लिहायला सांगते. तो हसला आणि लिहू लागला. 'धुके. काही नाही दिसलं.' 'जोडी दिसली. नाचले. आम्ही पण नाचलो.' आम्ही म्हणजे तो, बँकेत काम करणारी त्याची मैत्रीण आणि कॅमेरावाला एक मित्र. तिघे एकाच मोटारसायकलवर जात, म्हणून मी दर वेळी रागवत असे. "हौ आजी," म्हणून तिघे त्याच मोटारसायकलवर बसत.

एका श्रावणात त्याच्या मामाच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, सारसांनी घरटे केले. पाण्यात काडीकचऱ्याचा ढीग आणि त्यावर दोन अंडी. मामाने तेवढा कोपरा निंदायचा सोडून दिला होता. याला आनंद आवरेना. त्याने घरट्याचा व्हिडिओ गावाच्या नावासकट फोनवरून सगळ्यांना दाखवला.

पुढच्या रविवारी बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर मोटारसायकलींची रांग लागली. कोणी ड्रोनही आणला होता. पक्षी उडाले ते बराच वेळ आलेच नाहीत. अंडी कावळ्यांनी फोडली.

त्या दिवशी दुर्बीण प्रथमच वेळेआधी परत आली. "ठेवा आजी. आता नाही नेत मी."

मी समजूत घातली नाही. चूक मोठी होती, आणि ती त्याला माझ्यापेक्षा चांगली कळली होती. मी फक्त वही पुढे सरकवली. त्याने लिहिले, 'माझ्यामुळे अंडी गेली,' आणि खाली सही केली. सही मी कधी मागितली नव्हती.

वर्षभर दुर्बीण कपाटात राहिली. रविवारी तो उशिरापर्यंत झोपू लागला. मैत्रीण दोनदा बोलवायला आली, दोन्ही वेळा त्याने तिला परत पाठवले. पुढच्या पावसाळ्यात मामाचा निरोप आला की जोडी पुन्हा बांधीत हिंडते आहे. तरी हा हलेना. तेव्हा एका रविवारी मी भिंगे पुसली आणि साडेपाचला त्याचे दार वाजवले.

"निघूनच राह्यलो," आतून झोपेतला आवाज आला.

"आधी आंघोळ कर. मी इथेच उभी आहे."

दार उघडून त्याने माझ्या हातातल्या दुर्बिणीकडे पाहिले. "अन् माझ्यानं पुन्हा उडाले तर?"

"तर तसे लिही."

त्या दिवसापासून तिघे आपले फोन माझ्या टेबलावर ठेवून जाऊ लागले. रविवारची अख्खी सकाळ ते फोन वाजत राहत, मी एकही उचलत नसे. आठवड्यामागून आठवडे वहीत नुसत्या वेळा होत्या, शेऱ्याची जागा कोरी. मग एके दिवशी त्याने शेरा लिहिला, वही मिटली आणि तिघे तीन कप चहा पिऊन गेले. मी वही उघडली.

'दोन पिल्लं. कोणाले सांगू नका आजी.'

आता तो नोकरीसाठी हैदराबादला असतो. समोरच्या खोलीत दुसरे भाडेकरू आले आहेत. रविवारी साडेपाचला मला अजून जाग येते. दुर्बीण पुसून मी पुन्हा कपाटात ठेवते.

आजवर मी कोणाला सांगितले नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही फार दूर आहात. तरी गावाचे नाव विचारू नका.