काचेमागची पायवाट

मुरबाडजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी मुलांना ‘नीतिमूल्ये आणि समाज’ शिकवत असे. दुपारचा शेवटचा तास माझा. अर्धा वर्ग पेंगायचा, उरलेला बसकडे डोळे लावून बसायचा. मुलांचा मला राग येत नसे. या विषयाची किंमत काय, हे त्यांना कॉलेजनेच दाखवून दिलं होतं.

दोन हजार सालानंतर कॉलेजने आवाराभोवती भिंत घातली. मागच्या टेकडीवरच्या वाडीची पायवाट आवारातूनच रस्त्याला लागायची. वाडीतली एक मावशी पावसाळ्यात करटोल्यांची टोपली घेऊन त्या वाटेने यायची आणि फाट्यावर धसईच्या बाजाराची एसटी पकडायची. भिंतीमुळे आता ओढा ओलांडून वळसा आला. ओढा भरला की बाजार बुडाला. फाट्यावर तिने मलाच धरलं. “बाई, आमची वाट बंद केली ती कुनाला इचारून?”

मी चौकशी केली. आमच्याच मुलांनी सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला काढलेल्या नकाशावरून भिंत आखली होती. त्यात विजेचे खांब होते, विहीर होती, पंपाची खोलीसुद्धा होती. पायवाट तेवढी नव्हती. वर्गात विचारलं, तर एक हुशार मुलगा सरळपणे म्हणाला, “मॅडम, ती कुणी बांधलेली नाही ना.”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मावशीच्या आजी-पणजीच्या पायांनी पडलेली वाट, आणि यांच्या लेखी तिथे काहीच नव्हतं. मी पुस्तक मिटलं आणि सगळ्यांना मावशीच्या मागून वळशाच्या वाटेने चालवलं. ओढ्यात बूट भिजले तेव्हा कुठे वर्ग जागा झाला. मुलांनी आपणहून नवा नकाशा काढला, पायवाट लाल शाईने दाखवली, मागच्या भिंतीत दार कुठे हवं तेही आखलं. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

प्राचार्यांना नकाशा भलताच आवडला. ‘समाजाभिमुख प्रकल्प’ म्हणून त्यांनी तो स्पर्धेला पाठवला. पहिलं बक्षीस आलं. दाराचं काढलं की मात्र म्हणत, “सुरक्षेचा प्रश्न आहे, मॅडम. तुम्ही वर्गात शिकवा.” नकाशा काचेच्या फ्रेममध्ये घालून ऑफिसबाहेर टांगला, येणाऱ्या पाहुण्यांना आमची कळकळ दिसावी म्हणून. लाज कशी ती नव्हतीच.

पुढच्या पावसात ओढा उतरेपर्यंत थांबावं लागलं आणि मावशीची एसटी चुकली. टोपली घेऊन ती मला भेटायला आत आली. दाराचं काय झालं, तिने विचारलं. तोच हुशार मुलगा तिथे होता. त्याने तिला कौतुकाने फ्रेमपाशी नेलं. “मावशी, ही बघा तुमची वाट. लाल रेघ.”

तिने काचेवर बोट टेकवून वाडीपासून रस्त्यापर्यंत नेलं. बोट कुठेच अडलं नाही.

“हितून जाते खरी,” ती म्हणाली. “मंग माजी टोपली पन हितूनच धाड रे, बाबा.”

माझ्या तोंडात नुसत्या शिव्या येत होत्या, आणि त्या ज्यांना द्यायच्या ते मीटिंगमध्ये होते.