तिसरा उकाळा

लीला मूळची जालन्याकडची. नवरा दत्तू कापडाच्या लूमवर कामाला, घर नवागामला, आणि ती स्वतः अकरा वर्षं पर्वत पाटिया भागात हंसाबेन या गुजराती जैन बाईंच्या घरी स्वयंपाकाला. कांदा-बटाट्याशिवाय भाजीला चव आणणं तिला इतकं जमलं होतं, की बेन पाहुण्यांना कौतुकानं सांगत, "आ तो अमाराथी पण पाकी जैन छे!"

"नाही हो बेन, आम्ही बुद्धाचे," लीला लगेच म्हणे.

यंदा पर्युषणात अडुसष्ट वर्षांच्या बेननी अठ्ठाई धरली. आठ दिवस अन्न नाही. दिवसा फक्त उकळलेलं पाणी, तेही तीन उकाळे आलेलं. म्हणजे पाणी तीनदा खळखळून वर यायला हवं. ते काम लीलाचं.

पाचव्या दिवशी तिच्या मुलीच्या, वैशालीच्या शाळेत पालकसभा होती. पाणी नुसतं कढत झालं, तोच लीलानं गॅस बंद केला आणि ते परातीत निवत ठेवलं.

"त्रण उकाळा आव्या ने?" बेननी आतून विचारलं.

"आले, बेन."

शाळेत बाई वैशालीची वाखाणणी करत होत्या, आणि लीलाला ती परात दिसत होती. लहानपणी विहारात भंतेजी शिकवत, दुःख आहे आणि दुःखाला कारण आहे. बेनचे सुकलेले ओठ पाहून तिला वाटे, यांनी एवढं सोसलं ते वाया गेलं, आणि कारण मी. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील ती रोज संध्याकाळी म्हणे. आता तिथं आली की आवाज खाली जाई.

तिनं दत्तूला सांगितलं, तर तो हसला. "पाणी ते पाणी. म्हातारीला काय कळतंय?"

"तिला कळत नाही, म्हणूनच तर."

आठव्या दिवशी प्रतिक्रमण, म्हणजे वर्षभराच्या चुकांची क्षमा मागण्याचा विधी, आटोपून बेन भिंतीला धरत स्वयंपाकघरात आल्या. लीला उद्याच्या पारण्याचे मूग निवडत होती. बेननी तिच्यापुढे हात जोडले.

"लीला, मिच्छामि दुक्कडम्. वरसभरमां तने कांई कडवुं कह्युं होय तो माफ करजे."

त्या हातांपुढे लीलाला उभं राहवेना.

"बेन, पाचव्या दिवशी उकाळा आलाच नव्हता. एकसुद्धा. मी खोटं बोलले."

बेन स्टुलावर बसल्या. मुगाचं ताट त्यांनी हातानं बाजूला सारलं.

"पूछ्युं तो हतुं में," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "काले पारणुं नहीं. पांचमाने बदले एक दिवस वधारे."

"नका बेन! चूक माझी, आणि उपाशी तुम्ही?"

"सजा नथी, पगली. मारा मनना समाधान माटे छे. पाणी तारे ज उकाळवानुं."

सकाळी पारण्याला आलेले पाहुणे दारातूनच परत गेले. लीला गॅससमोर उभी होती. पाणी एकदा वर आलं, बसलं. पुन्हा आलं.

"आव्या?" आतला आवाज कालच्यापेक्षा बारीक झाला होता.

"दोन आले, बेन. एक बाकी आहे," लीला म्हणाली आणि झाकण हातात धरून उभी राहिली.